नाना सोनगीरकरांचे रोमन रांजण

आमच्या धुळ्यात कुणाच्या घरी जायचं तर गल्लीचा नंबर सांगितला की काम भागतं. नाना सोनगीरकरांच्या बाबतीत तेवढ्याचीही गरज नव्हती. ज्या ओट्यावर खाटा टाकून त्यांवर फुटक्या मडक्यांचे तुकडे वाळत घातलेले दिसतील, ते नानांचं घर. शेजारच्या खाटेवर कुरडया असत. मधल्या खाटेवर नानांच्या पत्नी, आम्हा सगळ्यांच्या अक्का, हातात काठी घेऊन बसलेल्या असत. कावळ्यांपासून कुरडया आणि गल्लीतल्या पोरांपासून खापऱ्या, अशी दुहेरी राखण त्या करीत. दोन्हींपैकी आपल्याला कशाची जास्त काळजी वाटते, हे त्यांनी कधी उघड केलं नाही.

नाना मुंबईच्या एका कॉलेजात प्राचीन इतिहासाचे प्रोफेसर होते. तरुणपणी विलायतेत शिकले, इटलीत उन्हाळे घालवून जमिनी उकरल्या, आणि रोमन लोकांची मातीची भांडी हा विषय घेऊन घरी आले. त्याचा आपल्याकडे उपयोग काय, असं त्यांना सासऱ्यांपासून प्रिन्सिपॉलपर्यंत सगळ्यांनी विचारून पाहिलं. नाना म्हणत, उपयोग मलाही माहीत नाही, म्हणून तर शोधतोय. सुट्टी लागली की ते धुळ्याला येत आणि पांझरेच्या, गिरणेच्या, तापीच्या काठाने मान खाली घालून हिंडत. पुढे मुदतीच्या आधीच पेन्शन घेऊन ते कायमचे इथेच आले. रस्त्यात भेटलेल्या माणसाचा चेहरा त्यांना ओळखू येत नसे. नजर सदा जमिनीवर असल्याने वहाणा मात्र बरोबर ओळखत. मला तर ते माझ्या डाव्या चपलेच्या ठिगळावरूनच हाक मारीत.

मी तेव्हा हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर होतो. एका दुपारी नाना शिक्षकांच्या खोलीत आले आणि माझ्या टेबलावर त्यांनी एक खापरी ठेवली. काय दिसतं, म्हणाले. मी म्हटलं, खापरी. त्यांनी ती उचलून तिचा काठ माझ्या डोळ्यांसमोर आडवा धरला.

"मास्तर, हा काठ सांगतो तोंड केवढं होतं. तोंड सांगतं पोट केवढं होतं. आणि पोट सांगतं घरात खाणारी तोंडं किती होती. आता काढा बघू पूर्ण भांडं."

मी काढलं. त्यांनी ते पाहिलं, खोडायला लावलं, पुन्हा काढायला लावलं. त्या दिवसापासून मी त्यांच्या खापऱ्यांचा चित्रकार झालो तो अखेरपर्यंत. मला देवदेवतांची चित्रं काढून नाव मिळवायचं होतं. माझ्या हातून निघाले ते काठ, बूड आणि खांदे. पण त्याची तक्रार नाही. एखाद्या मडक्याच्या खांद्यात किती डौल असतो, हे मला नानांमुळे कळलं.

खापरी तपासायची त्यांची रीत पाहून नवखा माणूस घाबरे. आधी ती कानाशी नेऊन नखाने टिचकी मारायची. मग जिभेला लावायची. जीभ चिकटली तर भाजणी हलकी. मग शेगडीवर जरा ऊब देऊन हुंगायची. नाकाचं काम शेवटी, पण नानांचा सगळ्यांत जास्त विश्वास त्या नाकावरच होता. अक्कांचा नव्हता. आमटी करपली तरी यांना पत्ता लागत नाही आणि दोन हजार वर्षांपूर्वीचं काय कळतं, असं त्या मला आत बोलावून विचारीत.

वेळकाळाचं भान नानांना बेताचंच. शेजारचे एक वकील वारले तेव्हा आम्ही दोघे पांझरेकाठी गेलो होतो. मुलाने प्रेताभोवती फेरे घेतले आणि मडकं मागे टाकलं. सगळ्यांच्या माना खाली, काहींच्या डोळ्यांना उपरणी. माझ्या शेजारून एक हात हळूच पुढे सरकला. मी नानांची बाही धरून ओढली म्हणून अनर्थ टळला. परतीच्या वाटेवर बराच वेळ ते गंभीर होते. मला वाटलं, वकिलांची आठवण येत असेल. पुलावर आल्यावर ते म्हणाले, भट्टी फार कच्ची होती हो.

राजे, लढाया, वंशावळी यांच्यात नानांना गोडी नव्हती. कोणी काय पिकवलं, ते कुठे विकलं, बदल्यात काय आणलं, गाडी कोणी हाकली आणि बैलाने काय खाल्लं, हा त्यांचा इतिहास. त्यांचं म्हणणं असं की आपल्या खानदेशचा कापूस गाड्यांतून भडोचच्या बंदराला जाई आणि तिथून गलबतांनी रोमन मुलखात पोहोचे. एवढं इतरही मानत. पण बदल्यात तिकडून फक्त सोनं येई, असं सगळे पंडित म्हणत. नाना म्हणत, सोनं राजाच्या पेटीत जातं. ज्याने कापूस विकला त्याच्या घरात काय गेलं? त्यांचं उत्तर होतं, वाइन. उंच मातीच्या रांजणांत भरून आलेली, भडोचवरून घाट चढून थेट तापीच्या खोऱ्यात.

एवढ्या लांब गाडीतून रांजण फुटल्याविना येतील कसे, अशी शंका कुणी तरी काढली. दुसरा कुणी असता तर त्याने पुस्तकं चाळली असती. नानांनी पारोळ्याच्या बाजारात गाडी ठरवली, कुंभाराकडून मिळतील तेवढी मडकी घेतली, ती पाण्याने भरून कडब्यात बसवली आणि स्वतः वर चढून धुळ्याकडे निघाले. मी सायकलवर मागे. गाडीवानाने पारोळ्याची वेस ओलांडली. मग त्याला राहवेना.

"नाना, मडकामा पानी भरीसन कोठे लई चालनात? धुयामा पानी नई शे का?"

नानांनी त्याला रोमपासून सगळं समजावून सांगितलं. त्याने मनापासून ऐकून घेतलं, आणि पुढच्या गावी पाणी प्यायला उतरल्यावर मला हळूच विचारलं की यांना घरचं कोणी आहे की नाही. धुळ्याला पोहोचलो तेव्हा अर्ध्याहून अधिक मडकी शाबूत होती. नाना ओलेचिंब आणि आनंदात. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. पितरांच्या नावाने भरायला घागर घरोघर लागतेच. अक्कांनी उरलेली मडकी गल्लीत वाटून टाकली. त्या वर्षी आमच्या गल्लीतल्या सगळ्या पितरांना रोमच्या व्यापारातून पाणी मिळालं, असं नाना सांगत.

पण गाडीचा प्रयोग हा काही पुरावा नव्हे. खरा पुरावा होता तो तापीकाठी सापडलेल्या काही जाड तुकड्यांचा. त्यांना आतून काळपट लेप होता. ऊब दिली की त्यातून झाडाच्या डिंकासारखा वास येई. नानांनी इटलीत, नदीकाठच्या वाइनच्या फुटक्या रांजणांचा हाच वास घेतला होता. वाइन पाझरू नये म्हणून रोमन लोक रांजणाला आतून राळ फासत. नानांनी या तुकड्यांवर निबंध लिहिला, माझी चित्रं जोडली आणि तो विलायतेत छापून आला. तिकडच्या विद्वानांनी दखल घेतली. धुळ्यात तर नाना एकदम मोठे झाले. आपले पूर्वज रोमची वाइन पीत होते, ही बातमी गावाला भलतीच आवडली.

सगळ्यांत जास्त आवडली मोतीशेठना. जळगावला त्यांच्या कापसाच्या जिनिंग फॅक्टरी होत्या. दोन हजार वर्षांपूर्वीसुद्धा इथला कापूस समुद्रापार जाई, हे ऐकून त्यांना आपल्या धंद्याला कुळी मिळाल्यासारखं वाटलं. त्यांनी धुळ्यात जागा दिली आणि वस्तुसंग्रहालयाचा हॉल बांधून द्यायचं कबूल केलं. हॉलला नाव शेठजींच्या वडिलांचं, आणि मधोमध काचेच्या कपाटात रोमन रांजण.

हा हॉल म्हणजे नानांचा ध्यास होता. खानदेशात सापडेल ते मुंबईला जातं आणि तिथल्या तळघरात धूळ खात पडतं, याचं त्यांना अतोनात वाईट वाटे. इथल्या पोराला इथली वस्तू इथे बघता आली पाहिजे, असं ते भेटेल त्याला सांगत. अक्कांचा ध्यास वेगळा पण वाट तीच. घराच्या मधल्या खोलीत खापऱ्यांच्या पेट्या छतापर्यंत गेल्या होत्या. लग्न होऊन आल्यापासून त्या खोलीत झोपाळा टांगायचं अक्कांच्या मनात होतं. कड्या आल्या, लाकूड आलं, तोवर मुंबईहून पेट्या आल्या. हॉल झाला की पेट्या जातील, म्हणून नानांपेक्षा अक्काच शेठजींच्या तब्येतीची जास्त चौकशी करीत.

पाया खणला गेला, जोत्याचे दगड येऊन पडले. आणि त्या होळीच्या सुमाराला आम्ही चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावाला गेलो. तिथल्या ओढ्यात जुन्या विटा निघाल्याचं नानांच्या कानावर आलं होतं. विटा कसल्याच निघाल्या नाहीत. ऊन फार झालं म्हणून गावच्या पाटलाच्या ओसरीवर आम्ही टेकलो. मोहाची फुलं अंगणभर वाळत होती. पाटलाची सून चुलीपाशी बसून एक नवं मडकं धगीवर फिरवत होती. मधूनमधून ती त्यात काही खडे टाकी, ते वितळले की मडकं कलतं धरून आतल्या बाजूने तो रस सगळीकडे पसरवी. धूर ओसरीपर्यंत आला.

मी नानांकडे पाहिलं नसतं तर मला काहीच कळलं नसतं. त्यांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला होता तो तसाच खाली ठेवला. उठून ते चुलीपाशी गेले, उकिडवे बसले आणि डोळे मिटून वास घेत राहिले. बाई संकोचून बाजूला सरली. नानांनी विचारलं, हे काय घालतेस? सालईच्या झाडाचा डिंक, ती म्हणाली. कशासाठी?

"डिंक नई फिरावा ते बठ्ठी दारू पाझरी जास. मनी माय बी असंच करे, तिनी माय बी असंच करे."

नानांनी तिच्याकडून मूठभर डिंक मागून घेतला. धुळ्याला येईपर्यंत ते तो मधूनमधून नाकाशी नेत राहिले.

पुढचे कित्येक महिने ते घराबाहेर फारसे पडले नाहीत. त्यांनी नव्या खापऱ्यांना डिंक फासला, त्या ओल्या मातीत पुरल्या, वर काढल्या, तापवल्या. अक्कांकडून डोळ्यांवर पट्टी बांधून घेऊन जुन्या-नव्या खापऱ्या हुंगून पाहिल्या. मलाही हुंगायला लावल्या. मला दोन्ही सारख्याच वाटल्या, पण माझ्या नाकाला कोण विचारतो. मग त्यांनी तापीकाठच्या तुकड्यांची माती पुन्हा भिंगाखाली घेतली. माती इथलीच होती. ती पहिल्यापासून इथलीच दिसत होती, पण वासाने एकदा रोम म्हटल्यावर त्यांनी मातीला विचारलंच नव्हतं. "मला जे बघायचं होतं ते मी नाकाने बघितलं, मास्तर," असं ते एका संध्याकाळी म्हणाले आणि भिंग पुसत बसले.

एवढं हताश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. रांजण रोमचे नव्हते. मोहाच्या दारूचे होते. चूक कुणाच्याही लक्षात आली नव्हती, विलायतेतल्याही नाही, कारण सालईचा वास विलायतेत कुणाला ठाऊक? नाना गप्प बसले असते तर हॉल उभा राहिला असता.

त्यांनी पहिल्यांदा अक्कांना सांगितलं. मी ओट्यावर होतो, आतलं बोलणं ऐकू येत होतं. चूक छापून कबूल करावी लागेल, हॉल होणार नाही, पेट्या इथेच राहतील, असं सगळं त्यांनी हळूहळू सांगितलं. अक्का शहरी बोलत, पण मनातलं बोलायचं झालं की माहेरच्या भाषेत शिरत.

"मंग लिखी टाका ना. तुम्हले झोप ते लागी. खोली भरेल शे, भरेल ऱ्हाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी आम्ही जळगावला शेठजींच्या पेढीवर गेलो. मोतीशेठ माणूस चांगला होता, हे मी आजही सांगेन. त्यांनी चहा मागवला, सगळं शांतपणे ऐकलं. शेठजी खादी वापरत आणि दारूबंदीच्या सभांचे अध्यक्ष होत. रोमची वाइन त्यांना चालत होती, ती इतिहासात मोडत होती. मोहाची मात्र दारूत मोडत होती.

"नाना, वडिलांच्या नावाच्या हॉलमध्ये मी मोहाची मडकी ठेवू?" ते म्हणाले. मग जरा पुढे वाकून, आवाज उतरवून, "हे तुम्हाला माहीत, मला माहीत, मास्तरांना माहीत. चौथ्या कुणाला माहीत आहे?"

"त्या बाईला माहीत आहे, शेठ."

शेठजींना कोणती बाई ते कळेना. मी सांगायला लागलो, पण नाना उठले होते. शेठजी त्यांना पायऱ्यांपर्यंत पोचवायला आले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, असं मला वाटलं. हॉल झाला नाही. जोत्याचे दगड बरीच वर्षं तसेच पडून होते, पुढे तिथे धर्मशाळा झाली.

नानांनी दुरुस्तीचा लेख लिहिला. पहिल्या निबंधापेक्षा तो मोठा होता आणि माझ्या मते चांगलाही. खानदेशातला माणूस स्वतःच्या दारूचे रांजण स्वतःच्या झाडाच्या डिंकाने कसा पक्का करी, हे त्यात बारकाईने होतं. विलायतेत तो काटछाट करून छापला गेला. आपल्याकडच्या विद्वानांनी मात्र मनसोक्त हात धुऊन घेतले. ज्याला खापरी आणि कौल यांतला फरक कळत नव्हता तोही सोनगीरकरांच्या नाकाबद्दल बोलू लागला. परिषदांची बोलावणी थांबली. गावातही लोक नानांना टाळू लागले, जणू त्यांनीच गावाची वाइन पळवली. नाना पूर्वीसारखेच मान खाली घालून हिंडत. चपला बदलत गेल्या आणि हाका कमी झाल्या, एवढाच फरक.

मग लढाई आली, रॉकेलची टंचाई आली. अक्का थकल्या तरी खापऱ्या धुऊन वाळत घालायचं काम त्यांनी सोडलं नाही. नानांच्या पायाला सूज येई, म्हणून मीच नदीवर जाऊन काही सापडलं तर आणून देई. ते पाहत, हसत आणि बहुतेक वेळा फेकून द्यायला सांगत.

सत्तेचाळीस सालच्या सुरुवातीला मला भुसावळच्या शाळेत नोकरी मिळाली. निघायच्या दिवशी निरोप घ्यायला टांगा घेऊनच नानांच्या दारी गेलो. ओट्यावर एक तरुण पाहुणा बसला होता. तामिळ मुलखात समुद्रकाठी मोठं उत्खनन झालं होतं, तिथे त्याने काम केलं होतं. मुद्दाम वाट वाकडी करून तो नानांना भेटायला आला होता, आणि आता त्यालाही माझ्याच चाळीसगावच्या गाडीने जायचं होतं. त्याने खिशातून रुमाल काढला. रुमालात एक तुकडा होता.

नानांनी तो घेतला. शेगडी नाही, टिचकी नाही. नुसता हातात घेतला आणि अंगठ्याने त्याच्या कडेवरून हळूहळू फिरवत राहिले. त्यांचा चेहरा मी वर्षानुवर्षं पाहत आलो होतो, पण असा पाहिला नव्हता.

"ही इटलीची माती," ते म्हणाले.

पाहुण्याने मान हलवली. वाइनचे रांजण खरोखरच हिंदुस्थानात आले होते, तिकडे त्यांचे ढीग निघाले होते. तो भराभर बोलू लागला. नुसतं सोनं येत नव्हतं, हे सगळ्यांच्या आधी नानांनीच लिहिलं होतं. लोकांनी त्यांची टर उडवली. आता तो स्वतः लेख लिहिणार होता आणि त्यात नानांचं श्रेय नानांना देणार होता.

नाना पाहुण्याकडे वळले. "तुम्ही शिकवता ना? वर्गात एखाद्याचं उत्तर बरोबर आलं आणि रीत चुकली, तर मार्क देता?"

"नाही देत," पाहुणा म्हणाला.

"मीही कधी दिले नाहीत. लिहू नका." मग तुकड्याकडे बघत, अगदी हलक्या आवाजात, "पण उत्तर बरोबर आलं हे कळलं की बरं वाटतं हो."

त्यांनी आत हाक मारली. अक्का खापऱ्या धूत होत्या, तशाच उठून आल्या. नानांनी तुकडा त्यांच्यापुढे धरला आणि सांगितलं, अगं, हा खरा. जन्मभर अक्कांनी पेट्याच्या पेट्या धुतल्या होत्या, त्यांत रोमचा एकही तुकडा नव्हता. त्यांनी पदराला हात पुसले, कोरडे झाले की नाही ते पाहिलं, पुन्हा पुसले आणि दोन्ही हातांत तो तुकडा घेतला. नाना त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहत होते. तिकडून आला होता, एवढ्या लांबून, असं काहीसं सांगत होते.

पुढच्या थंडीत नाना गेले. मला भुसावळला उशिरा कळलं, जाता आलं नाही. म्हणून माझ्यासाठी नाना अजून त्या दारातच उभे आहेत. टांगेवाला हाका मारतो आहे, पाहुणा घड्याळ बघत रुमाल पुढे धरून उभा आहे, आणि अक्का काही केल्या तो तुकडा परत देत नाहीत.